पापं ‘पदरी घ्यायची’ म्हणजे नेमकं काय करायचं? नवीन विश्वासणाऱ्यांसाठी

नवीन विश्वासात आलेली माणसं एक प्रश्न हमखास विचारतात, आणि बहुतेक वेळा दबक्या आवाजात, की पापकबुली करा करा म्हणतात पण ती करायची कशी? डोळे मिटले, हात जोडले, पुढे काय? प्रार्थना कशी करायची ते कोणीतरी शिकवतं, शास्त्र कुठून वाचायला घ्यायचं तेही सांगतात, पण कबुली मात्र आपोआप जमते असं सगळे धरून चालतात. नाही जमत. मला कितीतरी वर्षं जमत नव्हती, आणि मला तर वाटायचं की मी रोज करतेय.

रोज रात्री झोपायच्या आधी मी म्हणायचे, “प्रभू, आज कळत-नकळत जे काही चुकलं असेल त्याची क्षमा कर, आमेन.” एका दमात, कधीकधी दिवा घालवता घालवता. ही प्रार्थना वाईट आहे असं मी म्हणणार नाही, पण वर्षानुवर्षं हेच म्हटलं आणि आत काहीच हललं नाही, कारण त्यात मी काही सांगतच नव्हते. “जे काही” म्हणजे काय? डॉक्टरकडे जाऊन “जिथे कुठे दुखत असेल तिथलं औषध द्या” असं म्हणण्यासारखंच ते.

मला या लेखात खरं तर एकच गोष्ट सांगायची आहे. कबुली नेमकी करा, नाव घेऊन करा, कारण जेवढी कबुली नेमकी तेवढीच क्षमा नेमकी जाणवते. बाकी सगळं ते कसं करायचं याबद्दल आहे.

आधी एक शंका, जी सगळ्यांना येते

देवाला सगळं माहीत आहे, मग सांगायचं कशाला?

उत्पत्तीचा तिसरा अध्याय काढा. आदाम झाडांमागे लपलाय आणि देव विचारतो, तू कुठे आहेस? त्याला आदाम सापडत नव्हता म्हणून तर हे विचारलं नाही ना. बापाने लेकराला बाहेर यायची संधी दिली. आणि आदामाचं उत्तर बघा, तू जी बाई मला दिलीस तिने मला फळ दिलं. एका वाक्यात बायकोवरही ढकललं आणि देवावरही! बाई म्हणाली सापाने फसवलं. “मी खाल्लं” हे शब्द दोघांच्याही तोंडून आले, नाही असं नाही, पण सगळ्यात शेवटी, बाकी सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर. आपणही अगदी असंच करतो.

आपल्या मराठी बायबलमध्ये १ योहान १:९ ला फार सुंदर शब्द आहे, पापं “पदरी घेणे”. मला हा शब्द कबूल करण्यापेक्षाही जास्त आवडतो. कबूल तर माणूस पुरावा दाखवल्यावरही करतो, पदरी घेणं म्हणजे हे माझंच आहे म्हणून स्वतःहून पुढे होऊन घेणं. मूळ ग्रीकमध्ये तिथे होमोलोगेओ हे क्रियापद आहे, त्याचा अर्थ “तेच बोलणं”. म्हणजे देव ज्या गोष्टीला खोटं म्हणतो तिला मीपण खोटंच म्हणायचं, “थोडं ॲडजस्ट केलं” म्हणायचं नाही. देवाला काही नवीन कळावं म्हणून आपण सांगत नाही, त्याचं आणि आपलं म्हणणं एक व्हावं म्हणून सांगतो.

पहिली पायरी: बसा, आणि पापापासून सुरुवात करू नका

दहा-पंधरा मिनिटं पुरतात. जागा कुठलीही, फक्त मध्येच कोणी हाक मारणार नाही अशी. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, सायलेंटवर टाकून बाजूला ठेवला तरी लक्ष तिकडेच जातं. एक वही किंवा साधा कागद आणि पेन घ्या. कागद का ते पुढे सांगते.

नवीन माणूस इथे पहिली चूक करतो ती म्हणजे बसल्या बसल्या डायरेक्ट पापांची लिस्ट काढायला घेतो. त्याने होतं काय, पाच मिनिटांत आपण किती वाईट आहोत एवढंच डोक्यात राहतं आणि देव कुठेतरी लांब, हातात छडी घेऊन उभा असल्यासारखा वाटायला लागतो. आधी आभार माना. दिवसभरातल्या दोन-तीन गोष्टींचे, खऱ्याखुऱ्या, म्हणजे “जीवन दिलंस” असं मोठं काही नको, “दुपारी तिचा फोन आला ते बरं वाटलं” असं. इग्नेशियस लोयोला या सोळाव्या शतकातल्या संताने रोजच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या सांगितल्यात, त्यात पहिली पायरी आभाराची आहे, मग प्रकाश मागणं, मग दिवस बघणं, मग क्षमा मागणं आणि मग सुधारण्याचा निश्चय. पाप चौथ्या नंबरला येतं! हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो, प्रेम करणाऱ्यासमोरच माणूस मोकळेपणाने बोलू शकतो.

आभार झाले की स्तोत्र १३९ मधली शेवटची दोन वचनं, २३ आणि २४, हळू वाचा. त्यात दावीद देवालाच म्हणतो की माझी झडती घे. लक्षात घ्या, झडती देवाने घ्यायची आहे, आपण स्वतःची नाही. हा फरक बारीक वाटतो पण सगळा ताण त्यानेच कमी होतो.

दुसरी पायरी: दिवस मागे फिरवून बघा

सकाळी उठल्यापासून आत्तापर्यंतचा दिवस तासातासाने आठवा. कोण भेटलं, काय बोललो, कुठे आवाज चढला, कुठे मुद्दाम गप्प बसलो, पैशाचं काय केलं, स्क्रीनवर काय बघितलं, कोणाचं वाईट झालेलं ऐकून आतून बरं वाटलं. जिथे मन अडखळतं, पटकन पुढे जायला बघतं, तिथेच थांबा. बहुतेक वेळा काम तिथेच असतं.

दहा आज्ञा घेऊनही हे करता येतं, किंवा मत्तय ५ ते ७ मधलं डोंगरावरचं प्रवचन. आणि न केलेल्या गोष्टी विसरू नका. अँग्लिकन उपासनेतल्या जुन्या सामुदायिक कबुलीत करायला नको ते केलं याच्याही आधी करायला हवं होतं ते केलं नाही असं येतं, आणि माझ्या अनुभवात ही न केलेल्याची बाजूच जास्त भरते. फोन करायला हवा होता, केला नाही. कोणाबद्दल चार लोक वाईट बोलत होते, खोटं आहे माहीत होतं, तरी गप्प बसले.

पण खणत बसू नका. पंधरा मिनिटांत जे वर येईल तेवढंच. काहीच आलं नाही तर काही नाही, ओढून-ताणून पाप तयार करायचं नसतं. “आज काही दिसत नाहीये प्रभू, दिसलं तर दाखव” म्हणा आणि उठा.

तिसरी पायरी: नाव घेऊन सांगा, आणि “पण” काढून टाका

इथे थोडं जास्त थांबते, सगळा लेख यासाठीच आहे.

जे वर आलं ते कागदावर लिहा, एकेक ओळ. मग वाचून बघा आणि स्वतःला विचारा, हे वाक्य कोणाबद्दलही खरं असू शकतं का? असेल तर ते अजून मोघम आहे. “मी रागीट आहे” ही कबुली नाही, तो स्वभावाचा रिपोर्ट झाला. “मी सकाळी मुलावर ओरडले, त्याची चूक एवढीशी होती, मला ऑफिसचा राग होता तो मी त्याच्यावर काढला” ही कबुली. “मी प्रामाणिक राहिलो नाही” नको, “मी बिलात दोनशे रुपये जास्त लावले” असं. रक्कम असेल तर रक्कम लिहा, माणूस असेल तर त्याचं नाव घ्या.

मग त्या वाक्यांतले “पण”, “खरं तर”, “त्यानेच आधी”, “तसं बघायला गेलं तर” हे सगळे शब्द शोधा आणि खोडा. पेनने खोडा, मनातल्या मनात नाही. “मी खोटं बोललो पण माझा नाइलाज होता” यात “पण”च्या पुढचं खरंही असेल, देवाला तेही ठाऊक आहे, ते तो बघून घेईल, तुम्ही “पण”च्या आधी पूर्णविराम द्या. हे करताना शरीरात कसंतरी होतं, पोटात गोळा येतो, ते नॉर्मल आहे.

माझंच सांगते. बाबा आजारी होते तेव्हा आम्ही बहिणींनी रात्रीच्या पाळ्या लावून घेतल्या होत्या. एका रात्री माझी पाळी होती आणि मी ताईला मेसेज केला की ऑफिसचं अर्जंट काम आलंय, तू जाशील का. काम काही नव्हतं. मी दमले होते हे खरं, पण मी झोपलेही नाही, रात्री दीडपर्यंत अंथरुणात पडून मोबाईलवर व्हिडिओ बघत होते, आणि मध्येच ताईचा मेसेज आला, “बाबा झोपले. तू जास्त जागू नको.” मी फोन उलटा ठेवला. स्क्रीनचा उजेड कडेने चादरीवर पडत होता तो अजून डोळ्यासमोर आहे.

यानंतर कितीतरी महिने मी माझी ती “कळत-नकळत”वाली प्रार्थना करत राहिले. नंतर एकदा प्रार्थना केली, “प्रभू, मी माझ्या कुटुंबाकडे नीट लक्ष देत नाही, क्षमा कर.” तरी आत तसंच. मग एके दिवशी वहीत लिहिलं, “मी ताईशी खोटं बोलले. मला बाबांजवळ बसायचं नव्हतं.” एवढंच. दुसरं वाक्य लिहिताना हात थांबला होता, कारण खोटं बोलले हे मला माहीतच होतं, बसायचं नव्हतं हे मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. ते मोठ्याने वाचलं आणि रडू आलं, आणि त्या रात्री पहिल्यांदा क्षमा हा शब्द माझ्यासाठी कोणीतरी खास उच्चारल्यासारखा वाटला.

संत ऑगस्टीननी सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी आपल्या ‘कबुली’ (कन्फेशन्स) या पुस्तकात सोळाव्या वर्षी केलेली नासपतीच्या फळांची चोरी लिहिली आहे. भूक नव्हती, फळं काही खास नव्हती, घरी त्याहून चांगली होती, बरीचशी तर डुकरांपुढे टाकली. चोरी करण्यातच मजा येत होती, असं त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय. एवढा मोठा बिशप आणि पोरवयातल्या फळचोरीवर पानंच्या पानं का लिहितो, तर त्यांना कारणापर्यंत पोचायचं होतं. काय केलं एवढंच नाही, त्या वेळी मला नेमकं काय हवं होतं, तिथपर्यंत जमलं तर जा. रोज नाही जमणार, पण एखाद्या गोष्टीत तरी.

शब्दच सुचत नसतील तर स्तोत्रं ५१ किंवा ३२ उघडा. चर्चच्या परंपरेत सात स्तोत्रं पश्चात्तापाची मानली जातात, ६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३. स्तोत्र ३२ मध्ये दावीद सांगतो की मी गप्प होतो तोवर हाडं झिजत होती. आणि लूक १८ मधल्या येशूच्या दाखल्यातल्या जकातदाराची प्रार्थना तर एका ओळीची आहे, हे देवा, मज पाप्यावर दया कर. पण ती ओळ छाती बडवत म्हटलेली आहे, दिवा घालवता घालवता नाही.

चौथी पायरी: उठू नका, क्षमा ऐका

निम्मे लोक इथे उठून जातात. पाप सांगितलं, आमेन म्हटलं, संपलं. कबुलीचा अर्धाच भाग झालेला असतो.

लूक १५ मधला धाकटा मुलगा आठवा. त्याने वाटेत भाषण पाठ केलं होतं, तीन भागांचं. बाबा मी पाप केलं, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला एका मजुरासारखं ठेवा. घरी आल्यावर पहिले दोन भाग बोलून झाले, तिसरा त्याच्या तोंडून आलाच नाही. बाप आधीच नोकरांना झगा आणा, अंगठी आणा म्हणायला लागला होता. मजुरी ठरवायची बोलणी बापाने होऊच दिली नाहीत. आपण मात्र तो तिसरा भाग रोज पूर्ण करतो, “आता मी असं करीन, तसं करीन, मग तरी क्षमा कर”. तो गाळा. तिथे गप्प बसा.

मग एखादं वचन मोठ्याने वाचा, स्वतःच्या कानाला ऐकू जाईल असं. १ योहान १:९ घ्या, किंवा स्तोत्र १०३:१२, पश्चिमेपासून पूर्व जितकी दूर तितके आपले अपराध त्याने दूर केले. रोमकरांस ८:१ पण. वाचून झालं की “मला क्षमा मिळाली आहे, येशूमुळे” हे म्हणा. “मिळेल” नाही, “मिळाली आहे”. खोटं वाटलं तरी म्हणा, ते आपल्या वाटण्यावर उभं नाही, वधस्तंभावर जे झालं त्यावर उभं आहे.

आता तो कागद. फाडा, बारीक फाडा, टाकून द्या. वहीत लिहिलं असेल तर पान काढून फाडा. जपून ठेवायचा नाही, एक तर कोणाच्या हाती लागू शकतो आणि दुसरं म्हणजे देवाने जे मिटवलं त्याची फाईल आपण कशाला ठेवायची.

पाचवी पायरी: जे भरून देता येतं ते भरून द्या

क्षमा फुकट आहे, पण ज्याचे दोनशे रुपये गेले त्याचे दोनशे अजून गेलेलेच आहेत. गणना ५ मध्ये नियम असा होता की पाप कबूल करायचं, घेतलेलं परत करायचं आणि वर पाचवा हिस्सा जास्त द्यायचा. लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय तर लूक १९ मध्ये चौपट द्यायला उठला, आणि बघा, तो येशू घरी आल्यावर उठला, घरी यावा म्हणून नाही. क्रम आधी कृपेचा आहे. आणि मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू म्हणतो की वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर.

ताईला मी सांगितलं. समोर बसून, दोन वाक्यांत, जी वहीत होती तीच. मला आतून वाटत होतं की ती मिठी वगैरे मारेल. ती उठून आत गेली आणि दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही. तेव्हा मला कळलं की मी कबुली देताना आत कुठेतरी सौदा करत होते, मी खरं सांगते, तू लगेच माफ कर. समोरच्याला दुखायचा हक्क आहे, आणि वेळ घ्यायचाही. दोन आठवड्यांनी तिचा मेसेज आला, “गुरुवारची रात्र तुझी. वेळेवर ये.” गेले मी.

एक मात्र सांभाळा. समोरच्याला माहीतच नसलेली, त्याला फक्त जखम करणारी गोष्ट स्वतःचं ओझं उतरवायला त्याच्यावर टाकू नका. “मी इतकी वर्षं मनातल्या मनात तुझा हेवा करत होते” हे देवाला सांगा, फार तर एखाद्या विश्वासू माणसाला, त्या बिचारीला कशाला? लग्नातला विश्वासघात वगैरे गोष्टी असतील तर आधी पाळकांशी किंवा चांगल्या काउन्सेलरशी बोला, घाईत काही करू नका. आणि गुन्हा घडला असेल, कोणाला, विशेषतः लहान मुलाला इजा होत असेल, तर प्रार्थनेत कबूल केलं म्हणजे विषय संपत नाही, तिथे कायद्याकडे जावंच लागतं.

सहावी पायरी: दुसऱ्या माणसासमोर

याकोब ५:१६ मध्ये स्पष्ट आहे, एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, बरे व्हावे म्हणून. ही पायरी पहिल्या दिवशी नको, दोन-तीन महिने एकट्याने सराव झाला की मग. पण कधीच घेतली नाही तर काहीतरी राहून जातं, कारण काही पापं एकांतात कबूल करून पुन्हा एकांतातच वाढतात.

हे चर्चमध्ये अगदी सुरुवातीपासून आहे. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या दिदाखे या शिकवणीत मंडळीत पाप कबूल करायला सांगितलंय. पुढे सहाव्या-सातव्या शतकात आयरिश मठवासीयांमुळे खाजगी कबुली पसरली, १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या एका मोठ्या सभेने, वर्षातून निदान एकदा ती बंधनकारक केली. कॅथलिक चर्चमध्ये हा संस्कार आहे. आत जाऊन क्रूसाची खूण करायची, “फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे” म्हणायचं, मागचं कन्फेशन कधी केलं ते सांगायचं, मग पापं, मग फादर प्रायश्चित्त सांगतात, आपण पश्चात्तापाची प्रार्थना म्हणतो आणि ते पापमुक्ती देतात. पहिल्यांदाच असेल तर सरळ म्हणा, “फादर, मला पद्धत माहीत नाही”, ते हात धरून नेल्यासारखं नेतात. आणि ऐकलेलं ते कुठल्याही परिस्थितीत बाहेर सांगू शकत नाहीत, चर्चचा कायदा यात अतिशय कडक आहे. ऑर्थोडॉक्स मंडळीत बहुतेक ठिकाणी माणूस ख्रिस्ताच्या प्रतिमेकडे तोंड करून कबुली देतो आणि पाळक शेजारी साक्षीदार म्हणून उभा असतो, मला हे चित्र खूप आवडतं.

प्रोटेस्टंट मंडळींत मात्र बरेच जण म्हणतात की आपल्यात हे नसतं. असतं. प्रोटेस्टंट चळवळ ज्यांच्यापासून सुरू झाली त्या मार्टिन लूथरनी खाजगी कबुली टाकून दिली नाही, सक्ती काढली, १५२९ च्या त्यांच्या छोट्या प्रश्नोत्तरीच्या पुढच्या आवृत्त्यांत कबुलीचा एक साधा नमुनाही आहे. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांनी १७३८ मध्ये छोट्या गटांसाठी नियम लिहिले, त्यात दर आठवड्याला भेटायचं आणि पहिलाच प्रश्न असा की मागच्या भेटीनंतर तुझ्या हातून कुठली पापं घडली. जर्मन पाळक डिट्रिश बोनहोफर फिंकेनवाल्डच्या सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या शाळेत), १९३५ ते ३७ च्या काळात, विद्यार्थ्यांना प्रभुभोजनाच्या आधी एकमेकांजवळ कबुली द्यायला सांगायचे.

माणूस कोण निवडायचा? ज्याला स्वतःची पापं ठाऊक आहेत असा. ज्याच्या तोंडून तुम्ही दुसऱ्या कोणाची गोष्ट कधी ऐकली नाही असा, ही माझी सगळ्यात मोठी कसोटी आहे, जो तुम्हाला इतरांचं सांगतो तो तुमचंही सांगणार. शक्यतो बाईने बाईजवळ, पुरुषाने पुरुषाजवळ. ज्याच्या हाताखाली तुम्ही काम करता तो नको, आणि जो तुमच्या कबुलीचा पुढे हत्यारासारखा वापर करू शकेल तो तर अजिबातच नको. ग्रुपवर टाईप करून कधीही नाही. कोणी जबरदस्तीने कबुली मागत असेल, मग तो कितीही मोठा सेवक असो, तिथून उठा.

सांगताना लांबण लावू नका. “मला एक गोष्ट कबूल करायची आहे, सल्ला नको, फक्त ऐक आणि माझ्यासाठी प्रार्थना कर.” मग तीन-चार वाक्यं. लैंगिक पापं असतील तर नेमकं सांगायचं पण वर्णन करायचं नाही. आणि दुसऱ्याचं पाप सांगायचं नाही, फक्त आपलं.

जिथे लोक अडकतात

तेच पाप परत परत होतं. हो, होतं. पेत्राला येशूने किती वेळा क्षमा करायला सांगितली ते मत्तय १८ मध्ये वाचा, आणि देव आपल्याकडून मागतो त्यापेक्षा स्वतः कमी देईल का? पण विसाव्यांदा तेच सांगत असाल तर ते पाप कुठल्या वेळी, कुठल्या जागी, कशानंतर होतं ते लिहून काढा. नीतिसूत्रे २८:१३ मध्ये कबूल करणं आणि सोडून देणं दोन्ही एकत्र आहे. रात्री अकरानंतर होत असेल तर अकरानंतर फोन दुसऱ्या खोलीत. हेही पश्चात्तापातच येतं.

रडू येत नाही. येऊ नये तर नको येऊ दे. पश्चात्ताप म्हणजे वळणं, अश्रू आले तर आले.

क्षमा मागितली तरी सुटल्यासारखं वाटत नाही, दिवसभर तेच तेच डोक्यात येतं, नीट सांगितलं का नाही अशी शंका, परत कबुली, परत शंका. हे ज्याला होतं त्याला मी मनापासून सांगते, तुमची कबुली कमी पडत नाहीये, तुम्हाला जास्त कबुलीची गरजच नाही. तरुण लूथरचं असंच होतं, एकदा तर सलग सहा तास कबुली देत बसले होते असं सांगतात, आणि त्यांचे गुरू स्टाउपिट्झ यांनी त्यांना स्वतःकडे बघणं थांबवून ख्रिस्ताच्या जखमांकडे बघायला लावलं. तर एका पापाची एकदाच कबुली, असा नियम करा आणि तो एखाद्या भरवशाच्या माणसाला सांगून ठेवा. तरी थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, हा आजारही असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

पवित्र आत्म्याने टोचणं आणि नुसता दोष देणं यातला फरक २ करिंथ ७:१० मध्ये आहे. देवाकडून येणारं दुःख एका ठरावीक गोष्टीवर बोट ठेवतं आणि वाट दाखवतं. दुसरं दुःख म्हणतं, तू अख्खाच वाईट आहेस, आता काही उपयोग नाही. येशूला नाकारणारा पेत्र आणि त्याला धरून देणारा यहूदा, दोघांनाही काही तासांतच आपलं चुकलं हे कळलं होतं, पण पेत्र येशूकडे परत वळला आणि यहूदा निराशेतच बुडाला. मनात जीव नकोसा करणारे विचार येत असतील तर ते पाप म्हणून लिहीत बसू नका, आत्ताच्या आत्ता कोणालातरी फोन करा.

आणि तुमच्यावर जो अत्याचार झाला ते तुमचं पाप नाही. त्याची कबुली नसते. कोणी मागितली तरी देऊ नका.

कोणी तुमच्याकडे आलं तर

हे कधीतरी होणार, तुम्ही नवीन असलात तरी. समोरची सांगत असताना भुवई उंचावू नका, “अरे बापरे” नको, “एवढंच ना, जाऊ दे, सगळेच करतात” हेही नको, तिने मोठ्या कष्टाने उचलून आणलेलं ओझं तुम्ही हलकं आहे म्हणालात तर ती ते परत घरी घेऊन जाईल. जास्तीचे प्रश्न विचारू नका. ऐकून झालं की थोडं गप्प बसा, मग तिचं नाव घेऊन स्पष्ट सांगा की येशूने तुझ्या या पापाची क्षमा केली आहे, “या” म्हणा, जे तिने सांगितलं तेच. हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यासाठीच ती आलेली असते. छोटीशी प्रार्थना करा. नवऱ्याला, बायकोला, प्रार्थनेचा विषय म्हणून ग्रुपला, कोणालाही काही सांगू नका. फक्त कोणाच्या जिवाला धोका असेल तर गप्प राहायचं नसतं, आणि हे तिला ऐकायच्या आधीच सांगा.

मग दोन दिवसांनी तिला फोन करा. त्या विषयाचं काही काढू नका. कशी आहेस विचारा, इकडतिकडचं बोला, आणि येत्या रविवारी नेहमीसारखं तिच्या शेजारी जाऊन बसा.